शहापूर–मुरबाडकडील ठाकूर व कातकरी : छापील साधनांची परीक्षा

ठाणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, शहापूर व मुरबाड हे दोन तालुके आहेत. संशोधकांस ते अपरिचित नाहींत. मुरबाड तालुक्यांतील वैशाखऱ्याकडून नाणेघाटाची वाट चढते व वर लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा प्रख्यात लेख आहे. शहापुराजवळ माहुली आहे, इ. स. १६३६ सालीं शहाजीराजांनीं निजामशाहीच्या बालराजास घेऊन याच किल्ल्याचा आश्रय केला होता. या भागाविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें तें बहुतेक अशा दोन-चार स्थळांभोंवतीं फिरतें. लेख वाचला, तटाची लांबी मोजली, एखादी सनद छापली, कीं प्रदेश संपला असा समज रूढ झालेला दिसतो. ज्या रानांतून या वाटा जातात त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ठाकूर व कातकरी लोकांविषयीं छापील मजकूर नाहीं असें मात्र नाहीं. तो पुष्कळ आहे. पण त्याची परीक्षा झालेली नाहीं. ती करावी एवढाच या लेखाचा हेतु.

ही परीक्षा आतांच कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, हा मजकूर आज पुरावा म्हणून पुढें ठेवला जात आहे. इ. स. २००६चा वनहक्क कायदा झाल्यापासून अनुसूचित जमातीच्या दावेदारास जंगलजमिनीवरील आपला ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा आहे हें दाखवावें लागतें. आणि त्या कायद्याच्या नियमांत पुराव्याच्या साधनांत गॅझेटियर, खानेसुमारी, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल व नकाशे यांस स्पष्ट स्थान दिलें आहे. जातीच्या दाखल्यांच्या पडताळणींतही तोच प्रकार. २४ मार्च २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील ठाकूर जमातीच्याच एका समितीच्या प्रकरणांत निर्णय दिला कीं, रीतिरिवाजांच्या साम्याची चौकशी ही अंतिम कसोटी नव्हे, आणि राज्यघटनेच्या पूर्वींच्या कागदांस सर्वांत अधिक पुराव्याचें मोल आहे. म्हणजे १९५०च्या आधींचा एखादा वाळवी लागलेला कागद कोणा मुलीच्या कॉलेजांतील प्रवेशाचा किंवा कोणा शिपायाच्या नोकरीचा निकाल लावूं शकतो. जुने कागद जमविणें हाच ज्यांचा व्यासंग त्या आम्हां सर्वांस हें ठाऊक असावयास पाहिजे.

प्रथम नांवांचा घोळ पाहूं. ‘ठाकूर’ हा शब्द जुन्या कागदांत दिसला म्हणून लागलीच हर्ष मानूं नये. राजपूत जहागीरदारही ठाकूर, कित्येक ठिकाणीं देवाची मूर्तिही ठाकूर, आणि भाटांपैकीं कांहीं घराणींही हेंच उपपद लावीत आलीं. दक्षिणेस पिंगुळीचे ठाकर आहेत. चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांच्या खेळांनीं ते प्रसिद्धि पावले. आमच्या या दोन तालुक्यांतील लोक स्वतःस ठाकूर अथवा ठाकर म्हणवितात व त्यांत ‘क’ आणि ‘म’ असे दोन भेद सांगतात. या दोन अक्षरांचा अर्थ लावण्याचा खटाटोप बहुतेक लेखकांनीं केला आहे आणि त्यांचे अर्थ एकमेकांशीं जुळत नाहींत. आमचें मत असें कीं, जोंवर एखादा दिनांकित कागद पुढें येत नाहीं तोंवर अक्षरें अक्षरें म्हणूनच ठेवावींत. शासनानेंही तेंच केलें आहे. अनुसूचित जमातींच्या यादींत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, क ठाकर, म ठाकूर, म ठाकर अशीं सहाही रूपें शेजारीं शेजारीं मांडलीं आहेत.

या यादीचा इतिहास लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९५६ सालच्या आदेशांत ठाकूर ही जमात तालुकावार नेमून दिलेली होती, व ठाणें जिल्ह्यांतील तालुक्यांत शहापूर व मुरबाड हीं दोन्हीं नांवें होतीं. १९७६च्या कायद्यानें क्षेत्राचें हें बंधन उठलें. तें उठणें न्याय्यच होतें. पोट भरण्यासाठीं तालुक्याची शीव ओलांडणारा माणूस त्या पावलासरशीं जात बदलीत नाहीं. परंतु बंधन उठल्यावर ‘ठाकूर’ या नुसत्या शब्दाचें वजन कमी झालें. इतर ठाकूरही दाखला मागूं लागले, आणि मग डोंगरांतल्या ठाकरासही आपण तेच हें सिद्ध करण्याची पाळी आली.

कातकऱ्यांच्या नांवाची गोष्ट निराळी आहे. राजवाड्यांनीं १९२४ सालीं महिकावतीची बखर छापली, तिच्या प्रस्तावनेंत उत्तर कोंकणांतील आद्य वसाहतीचा विचार करतांना त्यांनीं या डोंगरी लोकांची दखल घेतली. ज्या काळांत इतिहास म्हणजे राजघराणीं असें समीकरण होतें त्या काळांत ही दखल घेणें हें त्यांचें मोठेपण होय. तथापि ‘कातवडी’ हें नांव कातडें या अर्थाच्या संस्कृत ‘कृत्ति’ शब्दाकडे नेण्याची त्यांची ओढ आम्हांस मान्य होत नाहीं. ध्वनीचे नियम पाळले गेले म्हणजे तसें घडलेंच असें ठरत नाहीं. खैराच्या गाभ्याचे तुकडे करून ते मडक्यांत उकळावे, रस आटवावा व त्याच्या वड्या पाडाव्या, हा काताचा धंदा या लोकांचा होता. गॅझेटियरही नांवाचा संबंध काताशींच जोडतें. डोळ्यांपुढें धंदा असतां कातडें पांघरणाऱ्या कल्पित पूर्वजाकडे कां जावें? राजवाड्यांच्या व्युत्पत्तींनीं आमच्यापैकीं अनेकांस वेड लावलें आहे, म्हणून हें जरा स्पष्ट लिहिलें.

आतां त्या गॅझेटियरकडे वळूं. मुंबई इलाख्याच्या मालेंतील ठाणें जिल्ह्याचा तेरावा खंड १८८२ सालीं क्यांबेलसाहेबांच्या देखरेखीखालीं निघाला. पिकें, भाव, घाटवाटा, बाजार यांविषयींची त्यांतील माहिती आजही आधारास घेण्याजोगी आहे, आणि ज्यानें ती घेतली नाहीं त्यानें या जिल्ह्यावर लिहूं नये. पण लोकांविषयींचीं प्रकरणें त्याच तोलाचीं नाहींत. तेथें एक संपूर्ण समाज एकवचनी होतो. तो असा दिसतो, असें खातो, अशा स्वभावाचा असतो. माहिती कोणी सांगितली, कोणत्या वाडीवर सांगितली, सांगणारा त्या समाजांतला होता कीं गांवचा कुळकर्णी, यांपैकीं कशाचाही पत्ता नाहीं. रामाच्या सैन्यांतील वानरांपासून कातकरी झाले ही कथा गॅझेटियरनें दिली आहे व पुढील अनेकांनीं ती उतरून घेतली. ही कथा कातकऱ्यानें आपल्याविषयीं सांगितली असेल तर तींत रामकार्याचा अभिमान आहे. दुसऱ्यानें कातकऱ्याविषयीं सांगितली असेल तर तींत कुचेष्टा आहे. एकाच शब्दांत दोन उलट अर्थ, आणि कोणता खरा तें ठरविणारा वक्ता हरवलेला. एखाद्या बखरींतील असें निनांवी विधान आम्ही क्षणभरही ग्राह्य धरलें नसतें.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. १८७८ सालीं नवा जंगल कायदा झाला. राखीव रान ठरलें, खैरावर कुऱ्हाड चालविणें हा गुन्हा झाला, आणि कात उकळणाऱ्या माणसाचा वडिलोपार्जित धंदा एका पिढींत दंडास पात्र ठरला. त्यानंतर चारच वर्षांनीं हा ग्रंथ छापला. त्या काळच्या सरकारी लिखाणांत कातकऱ्यावर चोरटा, आळशी, दारूबाज या विशेषणांचा मारा आढळतो. तीं वाचतांना तारीख पाहावी. ज्या वर्षीं एखाद्याचें काम गुन्हा ठरतें त्याच्या पुढच्या वर्षीं त्याचा स्वभाव गुन्हेगाराचा ठरल्यास नवल नाहीं.

याच जंगल कायद्यामुळें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली कीं १८८५त सरकारास मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७चा आहे. आमच्या मतें या तालुक्यांच्या इतिहासास गॅझेटियरपेक्षां हें साधन अधिक जवळचें आहे, पण आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच संग्रहीं तें असेल. त्याचा मोठा विषय राब. झाडांच्या फांद्या, पाला व गवत शेतांत पसरून उन्हाळ्यांत जाळावें व त्या जागीं भाताचें अगर नागलीचें रोप करावें, ही कोंकणपट्टींतील जुनी रीत. फांद्यांस बंदी म्हणजे रोपास बंदी, हें साधें गणित त्या वेळच्या वनाधिकाऱ्यांस समजावून सांगण्यासाठीं एवढें कमिशन बसवावें लागलें. येथें निदान बोलणारा माणूस दिसतो. परंतु गाऱ्हाणें मांडण्यांत जमीनदार, वकील व शिकलेले लोक पुढें होते, आणि त्यांस स्वतःच्या वरकस जमिनींची व झाडांची काळजी होती. ठाकराचें दुःख त्यांच्या अर्जाला वजन यावें म्हणून जोडलें जाई. तें दुःख खोटें नव्हतें. पण तें दुसऱ्याच्या तोंडून आलेलें आहे ही खूणगांठ बांधून अहवाल वाचावा.

सिमिंग्टनसाहेबांचा १९३९चा अहवाल या बाबतींत बराच सरस आहे. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायको सावकाराकडे राबत, त्यांस लग्नगडी म्हणत. ही प्रथा त्यांनीं स्वच्छ शब्दांत मांडली व गुलामगिरीशीं तिचें नातें लपविलें नाहीं. सरकारी अधिकाऱ्यानें सरकारच्या राज्यांतील अशी गोष्ट सांगणें हें धैर्याचें होतें. मात्र त्या अहवालाची चौकट ‘अंशतः वर्जित प्रदेश’ एवढीच होती. १९३५च्या कायद्याखालीं ठरलेल्या त्या प्रदेशांत ठाणें जिल्ह्यांतून डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगांव हीं पेठें आलीं; मुरबाड आलें नाहीं. काळू नदीच्या खोऱ्यांतील ठाकूर व भातसेच्या खोऱ्यांतील ठाकूर यांच्या सोयरिकी एकमेकांत, कर्जाचे प्रकार तेच, सावकारही कित्येकदां तेच. पण एकाचें दुःख अहवालाच्या विषयांत बसलें, दुसऱ्याचें बसलें नाहीं. ही रेघ पुढेंही पुसली गेली नाहीं. १९८५च्या आदेशानें शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्र ठरला, मुरबाडांतील कांहीं गांवें तेवढीं आंत घेतलीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हां जव्हार, मोखाडा, वाडा वगैरे तालुके तिकडे गेले आणि शहापूर-मुरबाड मागें ठाण्यांत राहिले. जो कोणी या समाजाची लोकसंख्या वर्षावर्षांची तुलना करून मांडूं पाहील त्यानें या तीन रेघा नकाशावर आधीं काढून घ्याव्या, नाहींपेक्षां माणसें वाढलीं कीं सीमा सरकली हें त्यास उमगणार नाहीं.

येथें शेजाऱ्यांशीं तुलना केल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. महादेव कोळी याच डोंगरांतले. त्यांच्यापैकीं मुकण्यांचें राज्य जव्हारास १९४८पर्यंत नांदलें, म्हणून त्या राज्याची मूळकथा छापली गेली. बैलाच्या कातड्याच्या वाद्या करून त्यांत मावेल तेवढी भूमि मागितल्याची ही कथा कार्थेजच्या डायडो राणीविषयींही सांगतात, तेव्हां इतिहास म्हणून तिची किंमत शून्य. पण ती छापली गेली हें महत्त्वाचें. याच समाजानें एकोणिसाव्या शतकांत बंडें केलीं, म्हणून क्याप्टन म्याकिंटॉशनें १८३६-३७च्या सुमारास त्यांच्यावर विस्तृत निबंध लिहिला, आणि १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं गेलेल्या राघोजी भांगऱ्याचें दफ्तर तयार झालें. ज्यास राज्य त्यास कथा, ज्याचें बंड त्यास दफ्तर. ठाकूर व कातकरी यांच्या वाट्यास जंगलखात्याची पावती आली. त्या पावतीकडे आम्ही पुढें येऊं.

या समाजांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्यांत दोन नांवें घेतलीं पाहिजेत. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३४चा, आणि चापेकरांचा ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ १९६०चा. गॅझेटियरच्या दोन-चार पानांवरून उडी घेऊन एकाच समाजास सबंध पुस्तक वाहणें ही मोठी पायरी होती. चापेकरांच्या पुस्तकाविषयीं तर आम्हांस आदरच आहे. पण येथें एक विलक्षण अपघात घडला आहे. पडताळणीची चौकशी करणारा अधिकारी दावेदारास विचारतो: तुमचे देव कोणते, लग्नांत काय करतां, मृतास पुरतां कीं जाळतां, नाच कोणता? उत्तरें ताडून पाहावयाचीं तीं अशाच ग्रंथांतील वर्णनांशीं. पुस्तक हें कालचें चित्र. त्यावरून आजच्या माणसाची परीक्षा घ्यावी आणि चित्राशीं जुळला नाहीं म्हणून माणूस नापास करावा, हा न्याय अजब खरा. वर सांगितलेल्या २०२३च्या निकालानें या पद्धतीस आवर घातला. शिकलेला, शहरांत राहिलेला, गणपति बसविणारा ठाकूर कांबडनाच विसरला असेल. त्याच्या आजाचें नांव शाळेच्या पुस्तकांतून विसरलें गेलेलें नसतें. ग्रंथकारांचा यांत दोष नाहीं. वर्णन लिहितांना तें कोणा परक्या मुलाच्या परीक्षेची गुरुकिल्ली होईल हें त्यांस कसें कळावें? आतां लिहिणारांस मात्र तें कळलें आहे. म्हणून ‘ठाकूर असें करतात’ हा वाक्प्रयोग यापुढें टाकावा. अमुक वाडींत अमुक सालीं असें केलेलें पाहिलें, असें लिहावें.

बोलीविषयींही हेंच. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या मराठीवरील खंडांत (१९०५) ठाकरी व कातकरी बोलींची दखल आहे. त्या पाहणींत नमुन्यासाठीं देशभर वापरलेली गोष्ट बायबलांतील उधळ्या पुत्राची. त्यामुळें प्रत्यय व क्रियापदें हातीं लागतात. बोलणाऱ्याचा वाघोबा, त्याची वरई, त्याचा कंदमुळांचा शोध यांतलें कांहीं लागत नाहीं.

मग आजचें चित्र कसें आहे? तें थोडक्यांत देणें इतिहासाच्या मासिकासही अप्रस्तुत नाहीं, कारण कागदांचा उपयोग याच माणसांस व्हावयाचा आहे. ठाकूर बहुतेक थोडीबहुत शेती करतात. पावसाळ्यांत भात, उतारावर नागली-वरई. कातकऱ्यांपैकीं पुष्कळांस जमीन नाहीं, आणि त्यांची वाडी ज्या जागेवर उभी आहे ती जागाही अनेक ठिकाणीं दुसऱ्याच्या नांवावर असते. मुंबईच्या जवळिकीनें जमिनीचा भाव चढला कीं तेथें कुंपण येतें. रायगडाकडील अशा वाड्यांची हकीकत ‘फायटिंग इव्हिक्शन’ या २०१३च्या पुस्तकांत आली आहे. दिवाळी झाली कीं उचल घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगार १९७६च्या कायद्यानें बंद झाली; पण उचलीचें ओझें व लग्नगड्याचें कर्ज यांतील साम्य सिमिंग्टनचा अहवाल वाचलेल्यास सांगावें लागणार नाहीं. श्रमजीवी संघटनेनें १९८२पासून याच जिल्ह्यांत वेठबिगारांच्या मुक्ततेचें काम आरंभिलें, तें कायदा झाल्यावर सहा वर्षांनीं.

या चित्रास दुसरी बाजूही आहे. शहापुराकडील कातकरी तरुणांनीं वनधन केंद्राच्या द्वारें रानांतील गुळवेल गोळा करून, सुकवून औषधी कंपन्यांस विकण्याचा उद्योग उभा केला. २०२०-२१च्या सांथीच्या काळांत त्यास मोठी मागणी आली. कात गेला तेथें दीडशें वर्षांनीं गुळवेल आली असें म्हणतां येईल. कातकरी हे महाराष्ट्रांतील तीन विशेष असुरक्षित जमातींपैकीं एक आहेत (दुसऱ्या दोन कोलाम व माडिया गोंड), आणि नोव्हेंबर २०२३त सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेंत त्यांच्या घरांची व रस्त्यांची तरतूद आहे. पाण्याचें मात्र जुनेंच आहे. तानसा तलाव १८९२चा, भातसा धरण अलीकडचें. दोहोंचें पाणी मुंबईस जातें, आणि चैत्र-वैशाखांत शहापुरांतल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. तानशासाठीं ज्या जमिनी घेतल्या त्यांच्या मोबदल्याच्या याद्या कोणा संग्राहकाच्या दृष्टीस पडल्या तर त्या छापाव्यात. त्यांत कोणाकोणाचीं नांवें नाहींत हें पाहणेंही तितकेंच बोधप्रद होईल.

परक्यांनीं लिहिलेल्या साधनांचें काय करावें या प्रश्नास आपणच प्रथम सामोरे जात आहों असें नाहीं. उत्तर अमेरिकेंतील वेन्दात लोकांचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. फ्रेंचांनीं त्यांस ह्यूरन म्हटलें. वेन्दात हें त्यांचें स्वतःचें नांव. मोठ्या सरोवरांच्या कांठचा त्यांचा देश १६४९ सालीं शत्रूंच्या स्वाऱ्यांनीं मोडला व लोक पांगले. एक शाखा क्वेबेक शहराजवळ येऊन स्थिरावली. तिची वस्ती वेन्दाके आजही आहे. पांगण्यापूर्वींच्या त्यांच्या जीवनाचा लिखित वृत्तांत मुख्यतः जेझुइट पाद्रयांच्या वार्षिक अहवालांतून मिळतो, आणि ते अहवाल धर्मांतराच्या कामास फ्रान्सांतून पैसा व माणसें यावीं म्हणून छापले जात. हेतु उघड, तरीही साधन अमोल. पाद्रयांनीं केलेल्या शब्दकोशांवरून त्या लोकांनीं आपली मृत झालेली भाषा पुन्हां शिकावयास घेतली आहे. पण आमच्या विषयास लागू पडणारी गोष्ट पुढचीच. १७६० सालच्या सप्टेंबरच्या ५ तारखेस इंग्रज सेनापति मरे यानें या लोकांस अभय देणारें कांहीं ओळींचें एक पत्र लिहून दिलें. १९८२त सरकारी उद्यानांत झाडें तोडल्याबद्दल, तळ दिल्याबद्दल व विस्तव पेटविल्याबद्दल चार वेन्दात भावांवर खटला झाला. त्यांनीं तें पत्र पुढें केलें. सरकार म्हणे, हा नुसता परवाना. ते म्हणत, हा तह. १९९० सालीं क्यानडाच्या सर्वोच्च न्यायालयानें तो तह ठरवला व भाऊ सुटले. सेनापतीच्या दृष्टीनें जें त्या दिवसापुरतें किरकोळ टिपण होतें तें दोनशें तीस वर्षांनीं एका समाजाच्या हक्काचा पाया झालें. झाड तोडणें व विस्तव पेटविणें हे गुन्हे शहापुराच्या राऊंड गार्डासही अपरिचित नाहींत.

आमच्या ठाकूर-कातकऱ्यांजवळ कोणा सेनापतीचें पत्र नाहीं. त्यांचे कागद बारीक व विखुरलेले आहेत. जन्ममृत्यूच्या नोंदीचा गांव नमुना १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात. प्राथमिक शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर. एकसाली प्लॉटांच्या याद्या. सावकारांच्या खतावण्या व रोखे. आणि जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या. या शेवटच्या वर्गाविषयीं आम्हांस विशेष सांगावयाचें आहे. अतिक्रमण केलें म्हणून ज्यास १९६० किंवा १९७० सालीं दंड झाला त्याची पावती त्या सालीं तो त्या जमिनीवर होता याची खुद्द सरकारी साक्ष ठरते, व वनहक्काच्या दाव्यांस अशा पावत्या जोडल्या जातात. आजोबांनीं लाजेनें लपवून ठेवलेला कागद नातवानें मानानें पुढें केल्याचीं उदाहरणें आहेत. कागद नसेल तर दावा बुडतो असेंही नाहीं. वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब, जुन्या विहिरी, बांध, स्मशानें, देवस्थानें हींही नियमांत पुरावा आहेत, आणि अमुकच एक कागद आणा असा हट्ट समितीनें धरूं नये असें २०१२च्या दुरुस्तीनें बजावलें आहे. इतिहासमंडळांत तोंडी हकीकतीकडे पाहून जे नाक मुरडतात त्यांनीं हा नियम मुद्दाम वाचावा.

सावकारी घराण्यांच्या खतावण्या आज बहुधा त्यांच्या वंशजांच्या माळ्यावर आहेत आणि त्या मोडींत आहेत. त्या वाचणारे पाड्यांवर नाहींत, ते आमच्या वाचकांत आहेत. आजवर अशा वह्यांतून संग्राहक पेशवाईचें एखादें पत्र तेवढें वेंचून घेत व बाकीचा गठ्ठा रद्दींत जाई. हा व्यवहार थांबला पाहिजे. वंशजांस बदनामीची भीति वाटत असल्यास सावकाराचें नांव झांकून कुळांचीं नांवें छापण्यास हरकत नाहीं.

छापतांना कांहीं पथ्यें पाळावींत. कागदांत ‘कातोडी’ असेल तेथें ‘कातकरी’ करूं नये, ‘ठाकर’ असेल तेथें ‘ठाकूर’ करूं नये. मागें एखादें सुटें ‘क’ अगर ‘म’ असेल तर तें लेखकाचा फराटा समजून गाळूं नये. जुन्या नोंदींत आडनांव बहुधा नसतें. फक्त नांव, बापाचें नांव व वाडी. ती वाडी आज कोणत्या महसुली गांवांत मोडते तें शोधून द्यावें, कारण धरणांनीं कांहीं वाड्या हलल्या आहेत. दंडाच्या पावतीवरील तारीख, सर्व्हे अगर कंपार्टमेंट नंबर व रक्कम हीं सर्व द्यावींत. मूळ कागद मालकाकडे अगर मंडळाच्या संग्रहीं राहूं द्यावा; परंतु वाचलेल्या नकलेची एक प्रत त्या गांवच्या ग्रामसभेकडे व दुसरी शहापूर येथील आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाकडे पाठवावी, आणि नकलेखालीं वाचणाऱ्यानें आपलें नांव, तारीख व मूळ कागद कोठें पाहिला तें लिहावें.